त्या तासातलं माप

"किती गेलं तर चालेल?"

डबल माझ्या टेबलापाशी उभा होता. खिशाला दोन पेनं, एक चष्मा नाकावर, दुसरा गळ्यात. मी बिलं टाइप करत होते. मान वर न करताच विचारलं, "काय किती गेलं तर?"

"काम, बाई. समजा आत्ता इथलं सगळं जळलं, नाहीतर भिजलं. मी नवीन मशीनवर कॉपी चढवून दिली. ती कॉपी किती जुनी असली तर तुम्हाला चालेल?"

"मुळीच जुनी चालणार नाही. एक अक्षर जाता कामा नये."

"सगळे हेच म्हणतात," तो हिरमुसून म्हणाला.

"मग विचारत कशाला फिरतोस?"

आमचा कारखाना पायांचा. ज्यांचा पाय गेलाय त्यांना नवा करून द्यायचा. मी तिथली हिशेबाची बाई. तोंडावर बाई, पाठीमागे मिरची. मला ते माहीत आहे आणि माझी हरकतही नाही. डबल कॉम्प्युटर सांभाळायचा. त्याचं खरं नाव पगारापुरतं उरलं होतं. किल्ल्यांचे दोन जुडगे, दोन छत्र्या, डब्यात दोन चमचे. बायको तेवढी एकच, आणि ती मला एकदा म्हणाली होती, "माझी कॉपी कुठे मिळेना, म्हणून सुटले हो!" बोलताना त्याच्या सदऱ्याचं तुटकं बटण शिवत होती. शेजारी जादा बटण काढून ठेवलेलं होतंच.

त्या महिन्यात त्याच्याकडे काम आलं होतं ते संकटाच्या तयारीचं. काही झालंच, तर कारखाना पुन्हा कसा आणि किती लवकर उभा करायचा, आणि मधलं किती काम गेलेलं सोसायचं. डबलने हौसेने पहिला आराखडा केला. दुसऱ्या गावात दुसरा सर्व्हर, इथे जे टाइप होईल ते त्याच क्षणी तिथेही. नुकसान शून्य. धाकट्या मालकांनी खर्चाचा आकडा पाहिला आणि कागद पालथा ठेवला.

"हा खर्च शेवटी पायावर पडणार. पाय महाग होईल. आपल्याकडे कोण माणसं येतात, तुला माहितीय."

"माहितीय."

"मग बाबा, अंथरूण पाहून पाय पसर."

पायांच्या कारखान्यात ही म्हण ऐकून मला हसू फुटलं. डबलला नाही. तो दोन दिवस नीट जेवला नाही, आणि मग त्याने एक रंगीत तालीम काढली. एका संध्याकाळी प्रत्येकाला सांगितलं, "तुमचं दुपारचं काम गेलं असं समजा. पुन्हा करा." सगळ्यांनी त्याच्या नावाने बोटं मोडली. मीही मोडली, पण कागद समोर होते, बिलं पुन्हा टाइप झाली. एकटा पायांची मापं घेणारा मापदादा हात बांधून बसला.

"तुमचं?" डबलने विचारलं.

"माझं काम पुन्हा करायला नुसता मी पुरत नाही. माणूस परत आणायला लागतो. त्याला परत उभं करायला लागतं."

तेही खरंच. आधी उरलेल्या पायाचं माप कॉम्प्युटरमध्ये घेतात. त्यावरून प्लॅस्टिकचा एक कच्चा कप बनतो, आरपार दिसणारा. तो चढवून माणूस दोन दांड्यांच्या मधे उभा राहतो. जिथे टोचतं, जिथे दाबतं, तिथे मापदादा कप गरम करून जरा फुगवतो, जरा दाबतो. कधीकधी तास न् तास चालतं. शेवटी सुधारलेल्या कपाचं माप पुन्हा कॉम्प्युटरमध्ये, आणि खरा पाय त्यावरून. कच्चा कप त्याच दुपारी यंत्रात घालून चुरा करायचा, कारण प्लॅस्टिक पुन्हा वापरता येतं. थोरल्या मालकांपासूनची ही शिस्त, काही वाया घालवायचं नाही.

तर डबलने ठरवलं. मापांची कॉपी दर तासाला. हिशेबाची रोज रात्री एकदा. बाकी सगळ्यांची आठवड्याने. म्हणजे मापांचं जास्तीत जास्त नुकसान, एक तास. एवढं बजेटमध्ये बसत होतं. माझ्या खात्याला रात्रीची शिळी कॉपी दिली म्हणून मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

आणि मग वरच्या मजल्यावरची पाण्याची नळी फुटली, ती नेमकी सर्व्हरच्या खोलीवर. छताचा पोपडा पाण्यासकट खाली आला. डबल चपला काढून त्या पाण्यात शिरला, आणि तिथून पुढे काय केलंन ते त्याचं त्याला ठाऊक. पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे कॉम्प्युटर सुरू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाकट्या मालकांनी त्याची पाठ थोपटली. माझा अख्खा दिवस गेला होता, मी तोंडातल्या तोंडात पुटपुटत बिलं टाइप करायला बसले. पण खरं सांगते, अभिमान वाटला पोराचा. पन्नाशीचा आहे, तरी मला पोरच.

तेवढ्यात मापदादा आला.

"एक माप नाहीये," तो म्हणाला. "शिंपीणताईंचं. काल त्या जाताजाता मी माप चढवलं, चहा घेतला, आणि पाणी आलं."

"कप?" डबलने विचारलं.

"चुरा झाला. नेहमीसारखा."

डबल खुर्चीवर टेकला. ज्या माणसाने आयुष्यभर चमचेसुद्धा दोन ठेवले, त्याला तो कप म्हणजे मापाची दुसरी कॉपी आहे हे सुचलं नव्हतं. आम्हा कुणालाच नव्हतं. कॉपी म्हणजे कॉम्प्युटरमधली, असंच सगळे धरून चाललो होतो. हातात असलेली आम्ही आमच्या हातानेच दळून टाकली.

"फोन करून बोलावून घेतो," मापदादा म्हणाला.

"फोन नको. मी जातो."

"तू कशाला?" मी म्हणाले. "नळी काय तू फोडलीस?"

"एक तास मी लिहिला होता ना, बाई."

हा माणूस तिथे जाऊन रडत बसेल अशी मला भीती वाटली, म्हणून मीही निघाले.

ताईंचं दुकान म्हणजे घराचीच पुढली खोली. मशीन, कापडाचे गठ्ठे, आणि मधे कापायचं उंच टेबल. ताई मशीनवर बसलेल्या, कुबड्या भिंतीला. टेबलापाशी त्यांची नणंद कात्री चालवत होती.

"वहिनी, बघा हो, एवढं बास?"

"अगं, बाहीला तिरकं जातंय! देवा! गिऱ्हाईक पळवून लावणार ही." मग आम्हाला पाहून त्या हसल्या. "बसून शिवता येतं हो. कापायला मात्र उभंच राहावं लागतं. पाय आणलात की काय?"

डबलने एका दमात सांगून टाकलं. त्यांचं हसू हळूहळू गेलं.

"पुन्हा उभं राहायचं?" त्या म्हणाल्या. "काल मी दात आवळून उभी राहिले. घरी आले तर कातडी सोललेली. हिने रात्रभर फुंकर घातली. म्हटलं, असू दे, झालं एकदाचं." त्यांनी डोळे पुसले. "बाकीच्यांची मापं आहेत?"

"आहेत."

"माझंच तेवढं गेलं?"

"तुमचंच."

"आणि एक तास गेला तर चालेल, हे कुणी ठरवलं?"

"मी," डबल म्हणाला. "काहीच जाऊ द्यायचं नाही, तर खर्च फार होता. पाय महाग झाला असता. म्हणून एक तास लिहिला. त्या तासात कुणीतरी असणार हे कळत होतं मला. पण तुम्ही असाल असं… मी तुम्हाला पाहिलं नव्हतं, ताई."

नणंदेची कात्री थांबली होती. मला वाटलं, आता ही बाई याला चांगलं फैलावर घेणार, आणि घ्यावंच तिने.

"महाग किती?" ताईंनी विचारलं.

डबलने सांगितलं.

त्यांनी मशीनवरचं कापड बाजूला सारलं. "तेवढा असता तर मी आलेच नसते," त्या म्हणाल्या. "दारावरूनच परत गेले असते." मग पदराने नाक पुसून म्हणाल्या, "जखम भरू दे. येते. पण या वेळी तुम्ही समोर उभं राहायचं. ऑफिसात बसायचं नाही."

"उभा राहतो," डबल म्हणाला. चहा नको म्हणत होता, तर नणंदेने दटावून पाजला.

जखम भरायला वेळ लागला. त्या आल्या त्या दिवशी डबल सकाळपासून मापाच्या खोलीत. ताई दांड्यांच्या मधे उभ्या राहिल्या, कपाळावर घाम, ओठ दातांत. मापदादा पायाशी बसून विचारत होता, "इथे? आणि इथे?" एकदा त्यांचा तोल गेला तेव्हा त्यांनी दांडी सोडून डबलचा हात धरला आणि मग तो शेवटपर्यंत सोडलाच नाही. मी दारातून पाहत होते. हात त्यांनी आवळला होता, पण डोळ्यांतून पाणी याच्या येत होतं.

माप कॉम्प्युटरमध्ये गेलं. मापदादाने सवयीने कप उचलला आणि यंत्राकडे वळला.

"थांबा," डबल म्हणाला. "तो इकडे द्या."

त्याच संध्याकाळी मापाच्या खोलीत एक फळी ठोकली गेली. कच्चा कप आता त्या फळीवर राहतो. खरा पाय बसवून माणूस घरी गेला, की मगच चुरा. धाकट्या मालकांनी विचारलं, "या नव्या सोयीचा खर्च?" डबल म्हणाला, "एक फळी आणि चार खिळे." मी ताबडतोब मंजूर केला. माझ्या कारकिर्दीत इतक्या झटपट मी काही मंजूर केलेलं नाही.

पुढे एके दिवशी ताईंचा निरोप आला, दोघांनी दुकानात या. आम्ही गेलो, तर कुबड्या कुठे दिसेनात. ताई गळ्यात टेप अडकवून उभ्या.

"या, साहेब. शर्टाचं माप द्या."

"अहो, कशाला? माझ्याकडे आहेत…"

"असतील की, प्रत्येक रंगाचे दोन दोन! कळलंय मला तुमचं. हात वर करा. हलू नका."

डबल शाळेतल्या मुलासारखा हात वर करून उभा राहिला. ताईंनी छाती मोजली, खांदा मोजला, त्याच्याभोवती फिरून पाठ मोजली. चालीत अजून जरा अडखळ होती. मग पुन्हा छातीला टेप लावली.

"छाती झाली ना मोजून?" मी म्हणाले.

"झाली. पण यांना डबल म्हणतात ना? म्हटलं, दोनदा घेऊ." नणंद खदखदून हसली, आणि डबलही हसला. त्या पाण्यानंतर पहिल्यांदाच मी त्याला हसताना पाहिलं.

मग ताई टेबलापाशी गेल्या. कापड पसरलं, हाताने सारखं केलं, खडूची रेघ ओढली आणि कात्री घेतली. नणंदेने आमच्यासाठी दोन खुर्च्या पुढे केल्या. माझे गुडघे आता माझे राहिलेले नाहीत, मी लगेच बसले. कात्री कापडातून सरळ चालली होती. ताईंनी मान वर न करता म्हटलं, "बसा की हो, साहेब. वेळ लागेल."

"असू दे," डबल म्हणाला.

आणि ताईंचं कापून होईपर्यंत तो काही बसला नाही.