कोतवालाचे मोजे

मोजे देखणे झाले होते. मऊ सुती कापड, आतून दुहेरी शिवण, मनगटाशी नाडी. शिवणकामावर घर चालवणाऱ्या वहिनीने तान्ह्यांची झबली पुष्कळ शिवली होती, पण सरड्याच्या पंजांचे मोजे पहिल्यांदाच.

"सरडा नाही गं वहिनी, इग्वाना," बोटीवर नोकरीला जाताना दिराने बजावलं होतं. "माझा कोतवाल तुझ्या पदरात घालतोय. जपशील ना?"

हिरव्या अंगाचा, काटेरी तुऱ्याचा कोतवाल कपाटावर बसून घरावर पहारा देई. पण अलीकडे त्याने पानाला तोंड लावलं नव्हतं. पोट मात्र टम्म. दिवसभर फरशी खरवडायचा, कोपरा खरवडायचा, नखांतून रक्त येईस्तोवर. म्हणून हे मोजे.

मोजे घातले आणि तो गप्प झाला. वहिनीला हायसं वाटलं. आज सकाळी मात्र मोज्यांच्या आत त्याची बोटं थरथरताना दिसली, तशी ती सासूबाईंना घेऊन दवाखान्यात धावली.

"हे कुणी घातलं?" प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मीच. नखं मोडून घेत होता."

"घेत होती." बाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. पोटात अंड्यांची दाटी, द्राक्षाच्या घडासारखी.

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या. "नवऱ्याचा पत्ता नाही आणि अंडी?"

"कोंबडी नाही का घालत? तशीच. पिल्लं निघणार नाहीत, पण अंडी बाहेर यायलाच हवीत. ही खणायला जागा शोधत होती. मनासारखी माती मिळेना, म्हणून धरून बसलीय."

वहिनी नाडी सोडू लागली. रोज हजार गाठी मारणाऱ्या बोटांना एक गाठ सुटेना.

"उन्हात बसवता?"

"रोज, खिडकीत. काच लावून. वारा बाधू नये म्हणून."

"काचेतून ऊब येते हो, पण हाडांना लागतं ते ऊन बाहेरच अडतं. कॅल्शियम कमी पडलंय. म्हणून ही थरथर, म्हणून कळा द्यायला जोर नाही." बाईंनी सुई टोचली. "संध्याकाळपर्यंत वाट बघू. नाही घातली, तर पोट उघडावं लागेल. आणि एवढ्या अशक्तपणात भुलीतून उठेलच, असं मी सांगत नाही."

घरी येताच वहिनीने कापडाची लाकडी पेटी रिकामी केली. वाळू ओतली, माती ओतली, मूठ वळेल इतकं पाणी शिंपडलं. वर जाड पडदा टाकला. मोकळ्या पंजांची कोतवाल आत सरकवली आणि दोघी बाहेर दाराशी टेकल्या.

आतून आवाज नाही. हूं नाही की चूं नाही.

"आई, मीच तिचे हात बांधले."

"शिवणारणीला प्रत्येक दुखण्यावर टाकाच सुचतो. गप बस आता."

"एकदा बघून येते."

सासूबाईंनी तिचा पदर घट्ट धरला. "बाळंतिणीच्या खोलीत डोकावत नाहीत."

ऊन भिंतीवरून उतरलं, उंबऱ्याशी आलं. तेव्हा कुठे आत खर्र झालं. थांबलं. पुन्हा खर्र, खर्र. माती फळीवर आपटू लागली. वहिनीने दाराला कान लावला. मग सगळंच थांबलं, ते थांबलंच.

तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "बाई, खणणं बंद पडलं."

"एक तर घालतेय, नाही तर दमली."

"कळायचं कसं?"

"थांबूनच कळेल. दिवे लागल्यावर बघा. हलत नसेल तर तशीच घेऊन या, मी तयारीत आहे."

समोरच्या इमारतीत पहिला दिवा लागला. वहिनीने चपला घातल्या, पिशवी घेतली, तिला गुंडाळून न्यायचं फडकं खांद्यावर टाकलं. मगच आत जाऊन पडद्याचं टोक उचललं.

कोतवाल मातीत माखली होती. पोटाची कातडी रिकाम्या थैलीसारखी लोंबत होती. पुढच्या पायांनी ती खड्ड्यावर माती ओढत होती, नाकाडाने दाबत होती, पुन्हा ओढत होती.

"थांब बाई, मी लोटते," म्हणत वहिनीने हात पुढे केला.

शेपूट सपकन आली. मनगटावर लालबुंद वळ उठला.

"काय झालं गं?" दारातून सासूबाईंचा घाबरा आवाज.

"मारलं आई," वहिनी डोळे पुसत हसली. "काय जोरात मारलं!"