पाणी बघायला

दानीएल साळवेला कर्जतला जायचं नव्हतं. नगरच्या चर्चमध्ये पेटी शिकवून घरी आला की त्याच्यात काही उरत नसे. गळा तर कधीचाच बसला होता. एके काळी जिल्ह्यातलं लग्न त्याच्या रेकॉर्डशिवाय लागत नसे, आणि त्याच जोरावर त्यानं स्वतःचा सिनेमा काढला. गोष्ट त्याची, चाली त्याच्या, नायकही तोच. सिनेमाच्या मध्यावर तो भरलेल्या प्रवरेत होडीत बसतो आणि गाणं म्हणतो. ते गाणं संपतच नाही. बायको रोझी तेव्हाच म्हणाली होती की हे अर्धं कापा. त्यानं ऐकलं नाही. पुण्यात सिनेमा आठवडाभरात उतरला. नायकाचं प्रेम फक्त स्वतःवर आहे, असं एका पेपरात आलं. तेव्हापासून त्यानं तो पाहिला नव्हता.

आणि आता, त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, टुरिंग टॉकीजवाल्या आसारामचा निरोप आला होता. सिनेमा कर्जतला दोन महिने चाललाय, तंबू रोज भरतोय, एकदा येऊन लोकांना भेटा. रोझीनं इस्त्रीचा सदरा काढून ठेवला, म्हणून तो एस्टीत बसला.

वाटेत सगळं रान उघडं पडलं होतं. दुष्काळी कामावर बाया खडी फोडत होत्या. दिवस मावळताना त्याच बाया, अंगावरच्या धुळीसकट, तंबूत येऊन जमिनीवर बसल्या. आसारामला दानीएलचा सत्कार आधीच करायचा होता. दानीएलनं नंतर बघू म्हणून टाळलं आणि अंधारात मागं बसला.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावरचा तरुण दानीएल केस उडवत बोलत होता आणि लोक आपसात बोलत होते. कुणी मिसरी लावत होतं, कुणी आडवं झालं होतं. दानीएलला वाटलं, उठावं आणि स्टँडवर जाऊन पडावं.

तेवढ्यात पडद्यावर नदी आली. बोलणं थांबलं. आडवे झालेले उठून बसले. होडी चालली, गाणं लागलं, वल्ह्याखाली पाणी फुटत राहिलं. शेजारी बसलेली म्हातारी पुढं सरकली. नाव तिचं छबूबाई, हे पुढच्या बाईनं तिला हाक मारली तेव्हा कळलं.

"हा सिनेमा आधी बघितलाय का?" दानीएलनं तिला विचारलं.

"लई डाव."

"गाणं आवडतं?"

"बरं हाय. पर तो बाबा मदी मदी येतो अन् पानी झाकतो." मग ती म्हणाली, "गानं सरलं की पानी बी जातं. म्हनून वाटतं, म्हनू दे बाबाला अजून."

गाणं संपलं तसा तंबूत गलका झाला. ऑपरेटरनं तेच रीळ पुन्हा लावलं. हे रोजचंच असावं. दानीएल या वेळी स्वतःकडं न बघता नदीकडं बघत राहिला. पाणी खरंच लांबवर पसरलं होतं.

सत्काराला तो उभा राहिला नाही. आसारामला म्हणाला, "राहू दे. मला ओळखून त्यांना काय करायचंय?" आसारामला वाईट वाटलं, पण त्यानं हार गुंडाळून ठेवला.

घरी रोझीनं विचारलं, लोकांना आवडलं का. पाणी आवडलं, असं तो म्हणाला आणि छबूबाईचं बोलणं त्यानं सांगितलं.

"म्हणजे कापलं नाहीत ते बरंच झालं," रोझी म्हणाली. दानीएलला हसू आलं, पण हसण्याइतकंही त्राण नव्हतं. तो कॉटवर आडवा झाला आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत झोपला.

पुढं पाऊस झाला. आता हे चित्र कोण बघणार, म्हणून आसारामनं ते पेटीत टाकलं. पण शेवगावच्या बाजारात बाया त्याला अडवून विचारू लागल्या, ते पाण्याचं कधी लावता? मग त्यानं पेटी पुन्हा उघडली.