शेंडेफळाचा अबोला

वॉशिंग मशीन टुंग करून थांबलं आणि सामसूम घरात तिने झटकन फोन उचलला. तिला वाटलं, फोनच वाजला. लेकीला ताप होता म्हणून आज ती घरूनच काम करत होती; लेकीचा आत्ता कुठे डोळा लागला होता.

पृथ्वीच्या चुंबकीय कवचाच्या कडेला तिच्या गटाची चार अवकाशयानं एकत्र फिरत. सूर्याकडून येणारा कणांचा वारा कवचावर कुठून आदळतो, हे चौघांच्या नोंदींचा मेळ घातला तरच नीट कळे. ऑफिसात त्यांना थोरली, मधली, धाकटी आणि शेंडेफळ म्हणत. सकाळी लेकीला औषध पाजण्याच्या गडबडीत तिने धाकटीला द्यायची वळण्याची आज्ञा शेंडेफळाला धाडली. त्याने सूर्याकडे पाठ फिरवली आणि तोंड मिटलं; तेव्हापासून त्याचा एकही संदेश आला नव्हता.

आता खरंच फोन वाजला. साहेब होते.

"काय गं, बोललं का?"

"नाही हो सर. उलट वळायची आज्ञा कितीदा पाठवली."

"रुसलंय. आमच्या घरी रुसले की निदान भांडी तरी आपटतात!"

"सर, थट्टा नको ना. ऊन नाही, बॅटरी संध्याकाळपर्यंतच पुरेल."

"पाठवत राहा," साहेब हळूच म्हणाले.

तिने पुन्हा आज्ञा पाठवली. मागे लेक उठून बसली होती.

"आई, कोण रुसलंय?"

"आमचं एक यान, बाळा. मीच त्याला चुकून भलतीकडे वळवलं. आता परत बोलावतेय."

लेकीने गरम गाल तिच्या दंडावर टेकला.

"मग तू बोलावतेयस, ते त्याला ऐकू येतंय का?"