बंपरवरचा झेंडा

शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी व्हर्लिन क्राटोच्व्हिलने आपला पिकअप अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाबाहेर, सामन्याआधी गाडीमागे रांधून जेवणाऱ्यांच्या रांगेत, नेहमीच्या जागी लावला. नाक झुडपांत घुसेपर्यंत तो पुढे दामटला आणि उतरल्या उतरल्या मागच्या बंपरवर नेब्रास्का संघाचा लाल झेंडा पसरला. झेंड्याची वरची कड त्याने मागच्या उघड्या फळीवर ओढून घेतली आणि तिच्यावर लोखंडी तवा ठेवला.

"झेंडा खांबाला लावतात, लेका," ड्वेन ऑस्टरलो म्हणाला.

"वारा आहे आज."

"नेब्रास्कात वारा नाही असा दिवस कुठला?"

ड्वेन खुर्च्या उतरवत होता. रांगेतल्या सगळ्यांच्या घडीच्या खुर्च्या, पाठीवर नावं रंगवलेल्या, वर्षभर त्याच्या गोठ्यात राहत. सामन्याला तोच त्या आणी आणि तोच परत नेई. एकतीस वर्षांत फक्त एक खुर्ची कमी झाली होती. बायको गेल्यावर लायल श्रोडर शेजारच्या आयोवात भावाकडे राहायला गेला, तेव्हा ड्वेनने त्याची खुर्ची घडी करून त्याच्या हातात दिली होती. "तिकडे न्यायला सोपी पडेल," एवढंच म्हणाला होता. लायल पुन्हा दिसला नाही, आणि रांगेत कुणी त्याचं नाव काढलं नाही.

व्हर्लिन आपल्या नावाच्या खुर्चीत बसला. वसंतात हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी छाती उघडून झाल्यापासून त्याला बसताना हाताचा आधार लागे. शेतावरचं घर विकलं, मुलीकडे राहायला गेलो, हे त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. मुलगी कुठे राहते असं विचारलं, की तो "ओमाहाकडे" म्हणे. मधली नदी, म्हणजे आयोवाची हद्द, तो गाळत असे.

साडेनऊला मांस-राजम्याची चिली उकळू लागली. शेजारी दालचिनीचे गोड पाव गरम होत होते. आयोवा संघाचा काळा-पिवळा कोट घातलेला एक चाळिशीचा माणूस रांगेतून चालला होता, तो वासाने थबकला.

"चिलीबरोबर गोड पाव? तुम्हा लोकांना जेवायला कुणी शिकवलं नाही का?"

"ये, बस," ड्वेन म्हणाला. "जेवण म्हणजे काय ते एकदा बघून जा. तुमचा क्वार्टरबॅक आज खेळतोय का, की त्याला चेंडू कुठल्या हाताने फेकायचा ते अजून शिकवताहेत?"

"आमचा कमी फेकतो, खरंय. तुमचा मात्र झकास फेकतो. गेल्या वर्षी तीन वेळा थेट आमच्याच पोरांच्या हातात."

रांगेत कुणीतरी खुसखुसलं. ड्वेनने तिकडे पाहिलं, खुसखुस थांबली.

"फेकतो तरी. तुमचा तो पोरगा चेंडू असा कवटाळून बसतो, जणू अंडंच उबवतोय," ड्वेन म्हणाला.

मग तो वळला. "आणि व्हर्लिन, सांग याला, आयोवात बघण्यासारखं काय आहे ते."

"तिथून बाहेर, इलिनॉयला नेणारा रस्ता," व्हर्लिन म्हणाला.

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने व्हर्लिनच हसला, मग छातीवर तळवा दाबून थांबला.

"डुकरं आणि मका," तो पुढे म्हणाला. "मका संपला की डुकरं."

"आणि तुमच्याकडे? रस्त्याला वळण द्यायला कुणी धजत नाही. वळून बघायचं काय?" तो माणूस म्हणाला. "आमच्या नदीकाठच्या टेकड्या पाहिल्यात कधी?"

"टेकड्या!" ड्वेनने झारा आपटला. "माझ्या गोठ्यामागे खताचा ढीग आहे, तो उंच असेल."

"मातीची ढेकळं नुसती," व्हर्लिन म्हणाला. "पाचच्या उन्हात तांबूस दिसतात, एवढंच."

बोलून झाल्यावर त्याने वाडगा उचलून तोंडाला लावला. चिली पोळली.

त्याच वेळी वाऱ्याने झेंडा फुगवला आणि खालची कड वर उडवली. खाली आयोवाची नंबरप्लेट होती; तिच्यावर तळाला जिल्ह्याचं नाव असतं. त्या माणसाने ते वाचलं, व्हर्लिनकडे पाहिलं, ड्वेनकडे पाहिलं. कड परत खाली आली.

"मग आज संध्याकाळी परत बघा, आजोबा," तो ओठ एका बाजूला ताणत म्हणाला. "तुम्हाला कुठे लांब आहे?"

तो निघून गेला. ड्वेन निखाऱ्यांकडे पाहत होता. लांब नाही म्हणजे काय, असं त्याने विचारलं नाही. आज संध्याकाळी म्हणजे काय, असंही नाही.

"चालायला वेळ लागतो तुला," थोड्या वेळाने तो म्हणाला. "हो पुढे. मी निखारे विझवून येतो."

दोघांच्या जागा मैदानाच्या दोन टोकांना होत्या. सामना अकराला सुरू झाला आणि नेब्रास्का चार गुणांनी हरलं. शेवटचा चेंडू त्यांच्या क्वार्टरबॅकने आयोवाच्याच माणसाला दिला. गर्दी ओसरेपर्यंत व्हर्लिन कठड्याला धरून उभा राहिला.

तो परतला तेव्हा रांग रिकामी होती. ड्वेनची गाडी गेली होती. व्हर्लिनची खुर्ची घडी केलेली होती आणि पिकअपच्या मागच्या चाकाला टेकवून ठेवली होती. तवा धुऊन फळीवर पालथा घातला होता.

झेंड्याची खालची दोन्ही टोकं गवताचे भारे बांधतात त्या नारिंगी दोरीने बंपरला आवळलेली होती. वासराच्या दाव्याला मारतात तसली, ड्वेनची गाठ. प्लेटचा एक आकडाही दिसत नव्हता.

पुढचा घरचा सामना दोन आठवड्यांवर आहे. गुरुवारी दुपारपर्यंत ड्वेनचा फोन आलेला नाही, व्हर्लिननेही केलेला नाही. मुलीने खुर्ची त्याच्या खोलीत, टेकड्यांकडच्या खिडकीपाशी उघडून ठेवली आहे. प्लेट झाकून गाडी चालवली तर पोलीस पकडतील, हे ती रोज सांगते. व्हर्लिनने अजून गाठीला हात लावलेला नाही.