चौदा नंबरच्या टेबलावरचा बावटा

मित्रांनो, माझी उंची जेमतेम एक वीत. खाली लाकडी बैठक, तिच्यात रोवलेली पितळी काठी, काठीच्या टोकाला वाटाण्याएवढी कप्पी, कप्पीवरून फिरणारी सुती दोरी आणि दोरीला बांधलेले तीन बोटे रुंदीचे लाल कापड. एवढ्यात मी संपतो. अमेरिकेच्या दक्षिण सीमेवरच्या एल पासो गावातल्या एका जुन्या मेक्सिकन खानावळीत, चौदा नंबरच्या टेबलावर, मी सत्तेचाळीस वर्षे काढली. माझ्यासारखा बावटा तिथे प्रत्येक टेबलावर होता.

आम्हा बेचाळीस भावंडांचा जन्म सीमेवरच्या नदीपलीकडचा, मेक्सिकोतल्या हुआरेसच्या एका पत्रेवाल्याच्या दुकानातला. त्याने माझ्या कप्पीत शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला, दोरी ओढली आणि मी सरसर वर गेलो.

"हा बघ कसा धावतो!" तो बायकोला म्हणाला.

"न धावून सांगतो कुणाला? चिंध्यांना दुमडी घालून घालून माझे डोळे गेले," ती म्हणाली.

हे माझे पहिले कौतुक.

खानावळीत पैसे एकदाच द्यायचे. मग रांगेतून जाऊन ताटात हवे तेवढे घ्यायचे: एन्चिलाडा म्हणजे रस्स्यात भिजवलेली मक्याच्या पोळीची गुंडाळी, भात, कुस्करलेला राजमा, हिरव्या मिरचीचा रस्सा. जागेवर बसल्यावर आणखी काही हवे झाले तर हाक मारायची नाही, दोरी ओढायची. मी वर गेलो की वाढणारी बाई सोपापिया घेऊन येई. सोपापिया म्हणजे पुरीसारखी टम्म फुगलेली चौकोनी तळलेली पोळी; तिचा कोपरा फोडून आत मध ओतायचा. जुन्या मालकाने वाढणाऱ्या बायकांना नियम घालून दिला होता: "बावटा खाली असेल त्या टेबलाकडे फिरकायचं नाही. माणसाला सुखानं जेवू द्या." हा नियम चांगुलपणातून आला होता, हे मी आवर्जून सांगतो.

मुलांना माझे फार वेड. मधाने माखलेल्या बोटांनी ती मला दिवसभर वरखाली करत. म्हणून दर सोमवारी एक बाई कोमट पाण्याच्या फडक्याने आमच्या दोऱ्या पुसायची आणि प्रत्येक कप्पीत तेलाचा थेंब सोडायची. मालक गेले, नवे मॅनेजर आले. "ही काय घड्याळं आहेत, तेलपाणी करायला?" असे म्हणून त्यांनी ते काम बंद केले. टेबलांवरच्या मधाच्या बाटल्याही त्यांनी उचलल्या. मध सोपापियाबरोबरच यायचा, असे ठरले. इकडची हवा वाळवंटाची. मधातले पाणी हळूहळू उडून जाते आणि मागे डिंकासारखा थर उरतो. वर्षानुवर्षे तो थर माझ्या कप्पीत साचत गेला. मी वर जायचो, पण अडखळत.

चौदा नंबर भिंतीलगत होता. तिथे चाकांची खुर्ची नीट बसायची, म्हणून दर रविवारी एव्हारिस्तो तिथेच बसायचे. आयुष्यभर रेल्वेच्या कारखान्यात जोडकाम केलेला माणूस. मधुमेहात उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता. त्यांची मुलगी ग्रासिएला त्यांना घेऊन यायची. ती ताट आणायला रांगेकडे वळली की एव्हारिस्तो सदरा वर करून पोटात इन्सुलिनची सुई टोचून घ्यायचे. दहा मिनिटांत ताट समोर यायचे. पाच वर्षे हेच चालले होते. त्यामुळे त्याबद्दल दोघे कधी बोलतही नसत.

मग खानावळ बंद होणार अशी पाटी लागली. शेवटच्या रविवारी सगळे गाव लोटले.

"पापा, रांग बघितलीत? पार गाड्यांपर्यंत गेलीय," ग्रासिएला म्हणाली.

"वीस वर्षं कुठं मेले होते हे सगळे? आता आलेत फोटो काढायला."

"तुम्ही बसा. मी ताट आणते. आणि चेलोशी भांडू नका."

"ती भांडते. मी फक्त उत्तरं देतो."

चेलो तिथे तीस वर्षे वाढायचे काम करत होती. हातात सहा ताटे घेऊन शेजारून जाताना तिने तिकडच्या रीतीने मानाचे 'डॉन' लावून हाक मारली.

"डॉन एव्हारिस्तो, अजून आहात का तुम्ही?"

"तुझ्या हातचं खाऊनसुद्धा!"

ती हसत पुढे गेली. ग्रासिएला रांगेकडे गेली. आणि एव्हारिस्तोंनी नेहमीप्रमाणे सदरा वर केला.

मित्रांनो, सुईला रांग दिसत नाही. ती आपले काम ठरलेल्या वेळी सुरू करते. अर्ध्या तासाने एव्हारिस्तोंच्या कपाळावर घाम आला. रक्तातली साखर उतरत होती. त्यांना ते कळले, कारण त्यांनी खिसे चाचपले. पण साखरेच्या गोळ्या रोजच्या कोटात राहिल्या होत्या, आणि आज त्यांनी ठेवणीतला कोट घातला होता. त्यांनी चेलोला हाक मारली. आवाज ओठांपर्यंतच आला. हॉलमध्ये तर गोंगाट एवढा, की धडधाकट माणसाचीही हाक कुणाला ऐकू गेली नसती.

मग त्यांनी माझी दोरी ओढली.

मी दोन बोटे वर गेलो आणि थांबलो. कप्पी मधाच्या त्या थरात घट्ट रुतली. त्यांनी पुन्हा ओढली. पकड सुटत होती म्हणून दोरी बोटाला गुंडाळून ओढली. माझी काठी वाकली, पण मी हललो नाही. दुरून पाहणाऱ्याला मी खालीच दिसत होतो.

चेलो चार वेळा त्या बाजूने गेली. दर वेळी तिने माझ्याकडे पाहिले आणि ती सोळा नंबरकडे वळली. तिथे काही तरुण मंडळी फोटोसाठी बावटा वर करत होती, खाली घेत होती.

शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "आई, त्या आजोबांना किती घाम आलाय बघ."

"अशी टक लावून बघू नकोस. दमले असतील. झोपू दे त्यांना."

एव्हारिस्तोंची मान छातीवर झुकली.

पन्नास मिनिटांनी ग्रासिएला दोन ताटे घेऊन आली. "पापा, शेवटची एन्चिलाडा अक्षरशः भांडून आणली, आता..." एवढे बोलून ती थांबली. ताटे खाली पडली. रुग्णवाहिकेच्या लोकांना माझी दोरी कापावी लागली, इतकी ती बोटात रुतली होती.

मंगळवारी खुर्च्या-टेबले विकायला काढली होती. ग्रासिएला काळे कपडे घालून आली. चेलो खोक्यात बावटे भरत होती.

"काल दुपारी गेले," ग्रासिएला म्हणाली. "शुद्धीवर आलेच नाहीत. तू चार पावलांवर होतीस, चेलो."

"बावटा खाली होता, पोरी. मला वाटलं, तुझी वाट बघत बसलेत. गरज असती तर ओढला नसता का त्यांनी?"

"तेच तर! एवढा हट्टी माणूस, दोरी बोटाला गुंडाळून बसला, आणि ती ओढता आली नाही?"

चेलोने मला उचलले. उरलेला दोरीचा तुकडा ओढला. मग बैठक पोटाशी दाबून दोन्ही हातांनी ओढला. मी हललो नाही. तिने कप्पीवर नख फिरवले आणि नखावर निघालेला मधाचा तपकिरी थर पाहिला.

"त्यांनी ओढला होता," ती म्हणाली.

ग्रासिएला खुर्चीवर बसली. "आणि मी सुईचं विचारलंसुद्धा नाही," ती म्हणाली. "जाताना एवढंच म्हणायचं होतं: पापा, आज ताट येईपर्यंत सुई थांबवा."

घेऊन जाशील का, म्हणून चेलोने मला तिच्यापुढे धरले. ग्रासिएलाने नकाराची मान हलवली. मग चेलोने मला खोक्यात ठेवले. तेव्हापासून मी इथेच आहे.

मित्रांनो, मी दोष कुणाला देऊ? एका थेंबभर तेलाने मी वर गेलो असतो. तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यात माझ्यासारख्या पुष्कळ लहानसहान वस्तू असतील: घंटा, कडी, दिव्याचे बटण. त्या चालतात का, हे अधूनमधून पाहत जा. पण त्या चालत असल्या तरी सगळा भरवसा त्यांच्यावर टाकू नका. बावटा खाली आहे, यावरून फक्त बावट्याचे कळते. माणसाचे कळायला त्याच्याजवळ जाऊन उभे राहावे लागते.