अर्धी नळी

सावली रस्त्यावर धाग्याचा एक कारखाना होता, त्याला लागून कंपनीची वसाहत, आणि वसाहतीच्या टोकाला पोहण्याचा तलाव. सत्त्याण्णव साली त्या तलावाच्या देखभालीला जगदेवराव एकटेच उरले होते. आधी तिघे होते. बाहेरचा स्वस्त धागा बाजारात आला, कारखान्याची दोन खाती बंद पडली, माणसं पांगली, आणि त्यांच्याबरोबर तलावावरचे दोघेही गेले. पूर्वी संध्याकाळी पोरांचा गलका असायचा. आता पंपाची घरघर तेवढी.

जगदेवराव प्रतापनगरहून पहाटेच्या बसने येत. घरी थांबवायला कोणी नव्हतं. बायकोला, कौशल्याला, जाऊन चार वर्षं झाली होती आणि मुलगी शलाका लग्न होऊन इंदूरला गेली होती. कधीकधी त्यांच्या लक्षात यायचं, की काल संध्याकाळी बस कंडक्टरशी बोललो, त्यानंतर आपण तोंडच उघडलेलं नाही.

त्यांचं पहिलं काम पाणी तपासण्याचं. काचेची एक नळी तलावाच्या पाण्याने खुणेपर्यंत भरायची, तिच्यात औषधाचे पाच थेंब टाकायचे, आणि पाणी किती पिवळं होतं ते डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचं. फिकट रंग म्हणजे क्लोरीन कमी, गडद म्हणजे जास्त. मार्चमध्ये त्यांच्याकडे त्या औषधाची शेवटची बाटली उरली, तीही अर्धी. त्यांनी स्टोअरमध्ये दोनदा चिठ्ठी दिली. स्टोअरचे उदयसिंहराव म्हणाले की नवीन खरेदीवर बंदी आहे, आहे त्यात भागवा.

जगदेवरावांनी भागवायला सुरुवात केली. पाचाच्या जागी दोनच थेंब टाकू लागले. पाणी जेमतेम पिवळसर व्हायचं. ऊन वाढलंय, क्लोरीन उडून जातोय, असं समजून ते रोज ब्लीचिंग पावडर वाढवत गेले.

पोहायला तेव्हा एकच व्यक्ती नेमाने येत असे. साठीच्या बाई, गुडघ्यासाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलेल्या. साडेसातला येत, कठड्याला धरून हळूहळू उतरत, अर्धा तास या टोकापासून त्या टोकापर्यंत जात आणि निघून जात. जगदेवराव त्यांना इथल्या रीतीने गुजरातीत “केम छो बेन” म्हणत, त्या “मजामां” म्हणत. सात महिने एवढंच बोलणं झालं होतं.

एप्रिलमधल्या एका सकाळी त्या पाण्यातून बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लालबुंद झाले होते. टॉवेलने डोळे टिपत त्या पंपाच्या खोलीपाशी आल्या. आत जगदेवराव दुसऱ्यांदा पाणी तपासत होते. हातून जास्तीचा थेंब पडू नये म्हणून मराठीत मोठ्याने मोजत होते, “एक... दोन... बस.”

“तुम्ही मराठी?” बाईंनी विचारलं.

जगदेवराव गडबडले. म्हणाले, हो, प्रतापनगरचे. नावही सांगितलं.

“मी रावपुऱ्यातली. शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. अहल्या माझं नाव.” मग त्यांनी नळीकडे पाहिलं. “दोनच थेंब?”

औषध संपत आल्याचं जगदेवरावांनी सांगितलं. सांगताना त्यांची नजर बाईंच्या डोळ्यांवर गेली आणि आपलं काहीतरी चुकलंय हे त्यांना कळून चुकलं. बाईंनी नळी हातात घेऊन उजेडात धरली.

“औषध वाचवायचं तर पाणीही कमी घ्यायला हवं, जगदेवराव. एवढ्या पाण्याला दोन थेंब पुरत नाहीत, म्हणून रंग येत नाही. क्लोरीन भरपूर आहे, तुम्हाला दिसत नाहीये.”

बाईंनी नळी ओतून दिली, धुतली, तलावाचं पाणी अर्ध्यापर्यंतच घेतलं आणि तीन थेंब टाकले. पाणी गडद नारिंगी झालं. डबीवरच्या शेवटच्या रंगाच्याही पुढे.

महिनाभर जगदेवराव या बाईंच्या डोळ्यांत पावडर घालत होते. त्यांनी माफी मागितली. बाई म्हणाल्या की शाळेत यापेक्षा मोठे घोटाळे निस्तरलेत. तलाव तीन दिवस उन्हात तसाच सोडायचा, पावडर अजिबात टाकायची नाही, आणि खिडकीत ठेवलेली ही बाटली कपाटात ठेवायची, कारण उन्हाने औषध खराब होतं. एवढं सांगून त्यांनी स्वतःच बाटली उचलून कपाटात ठेवली.

चौथ्या दिवशी त्या सव्वासातलाच आल्या. जगदेवराव नळी भरत होते. त्यांना फिकट पिवळ्यातले दोन रंग वेगळे दिसत नसत, डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. बाईंनी न विचारता नळी घेतली, डबीशेजारी धरली आणि आकडा सांगितला. त्या दिवसापासून हे रोजचंच झालं. थेंब जगदेवराव टाकत, रंग बाई वाचत. तपासणीला दोन मिनिटं लागत. उरलेली दहा-बारा मिनिटं बाई रावपुऱ्यातल्या जुन्या शेजाऱ्यांबद्दल बोलत, नाहीतर शलाकाच्या मुलाचं वजन विचारत. घरचं विचारलं तर मुलगा कंपनीत इंजिनिअर आहे एवढंच सांगत. जगदेवराव आता रात्रीच ठरवून ठेवत, की उद्या बाईंना अमुक सांगायचं.

पावसाळ्यात एक दिवस ते म्हणाले, “बाई, या हिशेबाने बाटली दिवाळी काढील.”

“काढू दे की,” बाई म्हणाल्या.

बाटली दिवाळीनंतरही उरली. पण दिवाळीनंतर कंपनीची नोटीस लागली की तलाव कायमचा बंद होणार. बाईंनी नोटीस वाचली, त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ पोहल्या, आणि जाताना म्हणाल्या की आता मुलाकडे बंगळूरला जाईन. जगदेवरावांना वाटलं मुलाची बदली झाली असावी. त्यांना बरंच काही म्हणायचं होतं. ते म्हणाले, “गुडघा सांभाळा.”

“तुम्ही डोळे दाखवून घ्या,” बाई म्हणाल्या. “पुढे ढकलू नका.”

तलाव रिकामा व्हायला दोन दिवस लागले. जगदेवरावांनी तळ घासून काढला, जरी तो घासायला कोणी सांगितलं नव्हतं. मग त्यांना कारखान्याच्या गेटवर नेमलं. महिनाभराने त्यांनी खरंच डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा कामावर आले त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते वसाहतीत गेले. बाईंचा बंगळूरचा पत्ता मिळाला तर एक कार्ड टाकावं असं त्यांच्या मनात होतं.

बाईंच्या क्वार्टरला कुलूप होतं. शेजारच्या पूर्वीबेननी दार उघडलं. पत्ता त्यांच्याकडे नव्हता. जगदेवरावांनी विचारलं, इंजिनिअरसाहेबांची बदली अचानक झाली का?

“अचानक कुठे? भाई तर दीड वर्षापूर्वीच बंगळूरला गेले, क्वार्टर बेनसाठी ठेवून,” पूर्वीबेन मराठी-गुजराती मिसळत म्हणाल्या. “बेन एकट्याच राहायच्या इथे. भाई दर महिन्याला बोलवायचे. आधी म्हणायच्या, उन्हाळ्यानंतर येते. मग म्हणायला लागल्या, इथे मला सकाळचं काम आहे, ते टाकून कशी येऊ?”

पूर्वीबेननी पाणी विचारलं, तर जगदेवराव अर्धा ग्लास प्यायले. परत जाताना त्यांची वाट तलावावरून होती. कोणीतरी कोरड्या तळात क्रिकेटच्या रेघा आखल्या होत्या. कठड्याशी ते थोडा वेळ उभे राहिले. नव्या डोळ्याने त्यांना पलीकडच्या भिंतीवरच्या फरशा एकेक वेगळ्या दिसत होत्या. हे बाईंना सांगावं असं त्यांना फार वाटलं. मग सुट्टी संपल्याचा भोंगा झाला आणि ते गेटकडे चालू लागले.