सगळं ठीक आहे, साहेब

पुण्यात पेठेतल्या त्या पोलीस ठाण्यात वाईट बातमी म्हणून कधी येतच नसे. इन्स्पेक्टर उत्तरेश्वर गंभिरे रोज हजेरीला विचारायचे, "काय विशेष?" आणि हवालदार भीमराव सगळ्यांच्या वतीने सांगायचे, "सगळं ठीक आहे, साहेब." शहरात इतकं ठीक असतं तर ठाण्याला कुलूप लावून सगळ्यांना घरी पाठवता आलं असतं!

ठाण्यातल्या लोकांचा तरी काय दोष? आधीचे साहेब वाईट बातमी आणणाऱ्यालाच आधी फैलावर घ्यायचे. चूक कुणाची, ते मागाहून बघायचे. मग सगळ्यांनी तोंडं शिवून घेतली, ती कायमचीच.

गंभिरे लातूरचे. मुलीच्या दहावीपायी बायको-मुलगी तिकडेच राहिलेल्या. इथे नारायण पेठेत एक खोली आणि गोदाबाईंच्या खानावळीचा डबा. दुपारी मागच्या खोलीत सगळ्यांचे डबे एकत्र उघडायचे, हसणं-खिदळणं चालायचं. एकदा गंभिरे आपला डबा घेऊन तिकडे गेले, तर सगळे ताडकन उठून उभे राहिले. ते पुन्हा गेले नाहीत. केबिनमध्ये एकट्याने जेवताना पलीकडचं हसू ऐकू यायचं आणि त्यांना फार एकटं वाटायचं.

खंडेनवमीला ठाण्यात शस्त्रपूजा झाली. बंदुका, काठ्या, दारात जीप, आणि यंदा मधोमध चक्क एक कॉम्प्युटर, झेंडूची माळ घातलेला, पडदा लखलखता. मंजूर झालेला कॉम्प्युटर आला एकदाचा, असं समजून गंभिऱ्यांनी स्वतः त्याच्यापुढे नारळ फोडला.

तो कॉम्प्युटर जप्तीचा होता. सॉफ्टवेअर कंपनीतली माहिती चोरल्याच्या खटल्यातला सीलबंद पुरावा! कोर्टात पाठवायच्या वेळी गंभिऱ्यांना त्याच्या जाळीत हळद दिसली आणि सीलही नवंकोरं दिसलं. आता आरोपीचा वकील या पुराव्याच्या चिंध्या करणार होता.

"सील कुणी तोडलं?" त्यांनी हजेरीला विचारलं.

जप्तीच्या खोलीच्या किल्ल्या भीमरावांकडे असत. निवृत्तीला टेकलेला माणूस; नाव पुढे आलं तर निलंबन ठरलेलं. त्यांची किल्ल्यांवरची मूठ आवळलेली गंभिऱ्यांनी पाहिली. त्यांना चोर पकडायचा नव्हता. कुणीतरी आपणहून सांगावं, एवढंच हवं होतं.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "पूजेच्या वेळी सील तुटलं, हे मी वर कळवतोय. लपवाछपवी होणार नाही. नारळ मी फोडला, ठाणं माझं, जबाबदारीही माझी."

दिवाळीच्या आधीच त्यांच्या बदलीचा हुकूम आला. नियंत्रण कक्षात फोन ऐकत बसायचं.

शेवटच्या दुपारी त्यांनी डबा उघडला आणि दार वाजलं. भीमराव होते, हातात स्वतःचा डबा.

"साहेब, एक वाईट बातमी आहे."

गंभिऱ्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"सील मी तोडलं. म्हटलं, बंद मशीनची पूजा कसली करायची? पडद्यावर जरा उजेड पडू दे. मी लेखी द्यायला तयार आहे."

"द्या. मी येतो बरोबर. आधी बसा, जेवा."

दारात कॉन्स्टेबल अस्मिता घुटमळत होती. "साहेब, माझीही एक आहे. मोबाईल चोरीत आणलेला तो पोरगा... तो चोर नव्हेच. माझी चूक झाली."

"मग आधी त्याला सोडायच्या तयारीला लागा. माफी मागा त्याची. आणि मग जेवायला या."

एकेक जण येत गेला. कुणी काय दडवलं होतं, कुणी काय! गंभिऱ्यांचं वरण गार झालं. इतकं चवीचं जेवण त्यांना पुण्यात मिळालं नव्हतं.

संध्याकाळी नवे साहेब आले. चार्ज देऊन गंभिरे बाहेर पडले, मोटारसायकलला डबा अडकवला. आतून नव्या साहेबांचा आवाज आला, "हं, काय विशेष?"

किक मारायला उचललेला पाय त्यांनी तसाच खाली ठेवला.

"साहेब," भीमरावांचा आवाज आला, "दोन-तीन वाईट बातम्या आहेत."

गंभिऱ्यांना हे कुणाला तरी सांगावंसं फार वाटलं. नारायण पेठेतल्या खोलीत तर कुणीच नव्हतं. त्यांनी डोळे पुसले आणि गाडी सुरू केली.